तार ब्रिजपाशीच तुटते आहे? आधी सॅडल पाहा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: स्ट्रॅट पद्धतीची (फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारखी इलेक्ट्रिक) गिटार, दोन वर्षं वापरातली, तारा 9-42 च्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). पहिली तार, म्हणजे बारीक ई, दर दहा-बारा दिवसांनी तुटते आणि प्रत्येक वेळी ब्रिजपाशीच, म्हणजे गिटारच्या धडावर तारा जिथे टेकतात तिथे. दुकानदाराने आधी 10 चा सेट दिला, मग कोटिंगवाला महाग सेट दिला. तोही तीन आठवड्यांत गेला. तुम्ही रत्नागिरीला राहता, बेंड (बोटाने तार ओढून सूर चढवणं) भरपूर घेता, ट्रेमोलोचा, म्हणजे ब्रिज हलवून सूर वरखाली करायचा दांडाही वापरता. आणि आता विचारताय, कोणत्या कंपनीच्या तारा घेऊ?

मी पुण्यात बावीस वर्षं गिटारदुरुस्तीचं काम करतो. हा प्रश्न माझ्याकडे जवळजवळ दर आठवड्याला येतो, आणि जवळजवळ प्रत्येक जण तारेच्या कंपनीपासूनच सुरुवात करतो. मी एखादं नाव सांगितलं तर तुम्ही तो सेट आणाल, आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच याल. तार कधी नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचपट्टीपाशी तुटते, कधी खुंटीपाशी, कधी मध्येच फ्रेटवर. पण एकाच जागी पुन्हापुन्हा तुटत असेल तर दोष त्या जागेचा असतो. तुमच्या बाबतीत तीन वेगवेगळे सेट एकाच ठिकाणी गेले. तारांनी आपली साक्ष दिलेली आहे, आता ब्रिजची तपासणी करायची.

ब्रिज नेमका कोणत्या घडणीचा आहे, सॅडल (ब्रिजवरचा, एकेक तार जिच्यावर टेकते ती छोटी घोडी) कोणत्या धातूचं आहे, तुमचा हात किती घाम सोडतो, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. गिटार माझ्यासमोर नाही, म्हणून मी टेबलावर ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने सांगतो.

तुटलेली तार फेकली नसेल तर ती काढा. फेकली असेल तर पुढची जपून ठेवा. आपल्याला हवा तो तारेच्या शेवटच्या पितळी गोळीकडचा छोटा तुकडा. गिटारच्या पाठीवरचं प्लास्टिकचं झाकण काढा, तो तुकडा पुन्हा ब्लॉकच्या (ब्रिजखालच्या धातूच्या ठोकळ्याच्या) भोकातून वर घाला आणि गोळी आत बसेपर्यंत वरून हलकेच ओढा. तुकड्याचं टोक जिथे येईल ती तुटण्याची जागा. 'ब्रिजपाशी' हा शब्द फार मोघम आहे. तिथे निदान चार वेगळ्या जागा असतात आणि चौघींचे उपाय वेगळे आहेत. टोक सॅडलच्या माथ्यावर आलं तर माथ्याला धार आहे. माथ्याच्या थोडं खाली, सॅडलच्या खाचेच्या कडेपाशी आलं तर तार तिथे घासते आहे. त्याहून खाली, ब्रिजच्या पट्टीतल्या भोकापाशी आलं तर ती कड कापते आहे. आणि गोळीजवळच्या पिळातच तुटली असेल तर ब्लॉकच्या भोकाचं तोंड किंवा तो पीलच दोषी आहे.

आता तारेवर काय गुदरतं ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मे गैरसमज आपोआप जातात. स्ट्रॅटची तार नट ते सॅडल साधारण 648 मिलीमीटर असते. एवढ्या लांबीवर 9 ची पहिली तार ई सुरात आणायला सुमारे 6 किलोचा ताण लागतो, 10 च्या तारेला सुमारे 7.4 किलोचा. म्हणजे तार जाड झाली की ताणही त्याच प्रमाणात वाढतो, आणि पोलादाच्या प्रत्येक चौरस मिलीमीटरवर पडणारा भार अगदी तेवढाच राहतो. म्हणून 'जाड तार घे, तुटणार नाही' हा सल्ला ऐकायला पटतो, पण तुमच्या 10 च्या सेटला त्याने वाचवलं नाही. जाड तारेचा थोडा फायदा असतो: सॅडलवरचा तेवढाच ओरखडा तिच्या मानाने लहान ठरतो. पण जिथे धार आहे तिथे ती काही दिवस उशिरा तुटते, इतकंच.

मग पहिलीच का? दुसरी किंवा तिसरी का नाही? कारण सगळ्या तारांमध्ये सर्वांत जास्त भार तिच्यावर असतो. दुसऱ्या तारेच्या पोलादावर जेवढा भार, त्याच्या पावणेदोन पटीहून थोडा अधिक पहिलीवर असतो, आणि साध्या (वर तार न गुंडाळलेल्या) तिसरीच्या तर पावणेतीन पटीहून अधिक. नुसती सुरात लावून ठेवली तरी ती आपल्या तुटण्याच्या मर्यादेच्या साधारण निम्म्यावर उभी असते. त्यात तुम्ही पूर्ण स्वराचा बेंड घेतला की ताण 26 टक्क्यांनी वाढतो, दीड स्वराचा घेतला की 41 टक्क्यांनी. बेंड घेण्यात चूक काहीच नाही, तार त्यासाठीच बनवलेली आहे. पण इतक्या ओढलेल्या तारेला वाटेत एक बारीकशी धार भेटली तर ती सहन करायला तिच्याकडे फारशी जागा उरलेली नसते.

आणि ती धार एका फटक्यात कापत नाही. बांधकामावर सळ्या बांधायची बाइंडिंग वायर हाताने तोडायची झाली तर आपण काय करतो? एकाच जागी इकडून तिकडे वाकवत राहतो. आठ-दहा वेळा वाकवली की ती जागा कडक होते, तडकते आणि तुटते. ट्रेमोलोचा दांडा दाबला की ब्रिज पुढे कलतो, सोडला की मागे येतो, आणि प्रत्येक वेळी सॅडलच्या माथ्यावर तार थोडी सरकते, थोडी वाकते, थोडी सरळ होते. माथा गोल आणि गुळगुळीत असेल तर हे वाकणं पसरून जातं. माथ्याला कड असेल तर ते सगळं एका रेषेवर येतं. तुटलेल्या टोकाकडे भिंगातून पाहिलंत तर बऱ्याचदा एका बाजूला चपटा, घासलेला चट्टा दिसतो आणि उरलेला भाग खरखरीत. चट्टा ही कापणारी बाजू, खरखरीत भाग शेवटी ओढला जाऊन तुटलेला.

सॅडल तपासायची माझी सगळ्यात भरवशाची पद्धत कापसाची आहे. पहिली तार काढा. औषधाच्या दुकानात मिळतो तो कापूस, त्याची बोटभर वात करा आणि सॅडलच्या माथ्यावरून, तार जाते त्याच रेषेत, हलकेच दोन-चारदा ओढा. मग खाचेच्या कडेवरून, पट्टीतल्या भोकाच्या कडेवरून. जिथे कुसळ असेल तिथे कापसाचा एखादा धागा अडकून राहतो. वर्कशॉपमधली माणसं या कुसळाला 'बर' म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही, नखालाही कधीकधी लागत नाही, पण कापूस तिला बरोबर पकडतो. तो अडकलेला पांढरा तंतू दिसला की निम्मं काम झालं.

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक गिटारवादक माझ्याकडे आला. दर कार्यक्रमाआधी नवी पहिली तार लावायचा, तरी दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला ती जायची, म्हणून दुसरी गिटार भाड्याने आणून मंचामागे ठेवायचा. त्याच्या सॅडलवर कापूस अडकला. भिंगाखाली पाहिलं तर वरच्या क्रोमचा पापुद्रा फाटून उभा राहिला होता, उसाच्या पात्याच्या कडेसारखा. पंधरा मिनिटांचं काम होतं. पुढच्या वेळी तो आला तो तारा बोथट वाजायला लागल्या म्हणून, तुटली म्हणून नाही. इतके दिवस त्याने तारांवर आणि भाड्यावर किती पैसे घातले असतील, हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं. म्हणूनच तुम्हाला इतकं सविस्तर लिहितोय.

तर आता ते पंधरा मिनिटांचं काम. सॅडल ब्रिजवरून पूर्ण काढून घ्या. जागेवर घासलंत तर पोलादाचा कीस पिकअपच्या चुंबकांना चिकटतो आणि नंतर निघता निघत नाही. काढण्याआधी फोटो घ्या आणि उंचीचे दोन स्क्रू किती वर आहेत ते टिपून ठेवा. त्यांना बारीक ऍलन की लागते, गिटारप्रमाणे 1.27 किंवा 1.5 मिलीमीटरची. मग सॅडलला साधं चुंबक लावून बघा. चिकटलं तर पोलाद आहे, घासायला हरकत नाही. चिकटलं नाही तर स्वस्त गिटारवर बहुधा जस्ताचं ओतीव सॅडल असतं. वर क्रोम, आत मऊ धातू. तार आत रुतत जाते आणि क्रोमच्या कडा दोन्ही बाजूंनी उभ्या राहतात. अशा सॅडलमध्ये खोल चर पडला असेल तर ते घासत बसू नका, बदला.

पोलादी सॅडलसाठी हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणा, 600, 1000 आणि 2000 नंबरचे. प्रत्येकाची तीन-चार मिलीमीटर रुंद पट्टी कापा. सॅडल पकडीत फडकं घालून धरा, आणि बूटपॉलिशवाला फडक्याची दोन टोकं धरून बूट चमकवतो तशी ती पट्टी माथ्यावरून पुढेमागे ओढा. आधी 600, मग 1000, मग 2000. जोर लावू नका, आपल्याला धातू काढायचा नाही, कड मोडायची आहे. शेवटी जाड सुती दोऱ्याला थोडं ब्रासो लावून तोच दोरा तारेच्या रेषेत ओढा. तोच दोरा खाचेतून आणि पट्टीच्या भोकातूनही फिरवा, कारण निम्म्या वेळा खरा गुन्हेगार तिथे खाली असतो. पुन्हा कापूस फिरवा. कुठे अडकला नाही तर झालं. क्रोम निघालेल्या जागी उघडं पोलाद गंजू नये म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावून पुसून घ्या.

इथे एक सावधगिरी, आणि ती मी माझ्याच चुकीतून शिकलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका सॅडलला सोनाराच्या बारीक कानशीने छान खाच करून दिली, पण ती सपाट केली. तार तुटायची थांबली, पण गिटार सतारीसारखी झणझणायला लागली. मी मूळचा मिरजेकडचा, तंबोऱ्याची जवारी लहानपणापासून पाहिलेली. घोडीचा माथा किंचित पसरट ठेवला की तार त्याला स्पर्शत स्पर्शत सुटते आणि तो भरलेला नाद येतो. मिरजेच्या कारागिरांचं सगळं कसब त्या उतारात असतं. गिटारवर आपल्याला नेमकं उलट हवं असतं. तार सॅडलच्या पुढच्या कडेवरून, म्हणजे नटाच्या बाजूच्या कडेवरून, स्वच्छ सुटली पाहिजे आणि मागे ब्लॉककडे गोल उतरत गेली पाहिजे. ते सॅडल मी माझ्या पैशाने बदलून दिलं. म्हणून तुम्हाला सांगतो, घरी कानस वापरूच नका, पट्टी आणि दोरा पुरे.

माथा गुळगुळीत झाला की दुसरी गोष्ट बघा: तार वाटेत आणखी कुठे टेकते का. 1954 साली स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हापासून त्या जुन्या घडणीचं सॅडल म्हणजे वाकवलेला पोलादी पत्रा. तार ब्लॉकमधून वर येते, सॅडलच्या खाचेतून निघते आणि माथ्यावरून वळते. सॅडल सूर जुळवण्यासाठी पुढे किंवा मागे सरकवलेलं असतं, त्यामुळे कधीकधी तार खाचेच्या किंवा पट्टीच्या कडेला टेकते आणि तिथे दुसरं वळण घेते. ट्रेमोलो हलवला की दोन्ही जागी घासते. शेजारून टॉर्च मारून बघितलं की कळतं. कड गोल करून भागत नसेल तर एक जुना इलाज आहे. बारीक वायरचं प्लास्टिकचं आवरण सोलून घ्या, सेंटिमीटरभराचा तुकडा तारेत ओवा आणि तार लावताना तो घासणाऱ्या कडेवर येईल असा बसवा. माथ्यावर मात्र येऊ देऊ नका, आवाज थोडा दबतो.

तुमची गिटार स्ट्रॅट पद्धतीची आहे, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन वाक्यं. लेस पॉल पद्धतीच्या गिटारवर मागचा टेलपीस (तारा अडकवायची पट्टी) फार खाली असेल तर तार ब्रिजच्या मागच्या कडेवरही टेकते. टेलपीस थोडा वर घ्या, मधून कागद जाईल इतकं अंतर ठेवा. फ्लॉइड रोज नावाच्या ट्रेमोलो ब्रिजमध्ये तार सॅडलमध्येच आवळलेली असते, तिथे स्क्रू गरजेपेक्षा जास्त पिळणं हे तुटण्याचं नेहमीचं कारण असतं.

आता रत्नागिरी. खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात हे तुम्हाला माहीत असणारच, पण गंज सारखा चढत नाही. पाम म्यूटिंग (तळहात टेकवून तारांचा आवाज दबवणं) करताना तळहाताची कड नेमकी सॅडलवर असते. सगळा घाम तिथे, तारेखाली, खाचेत जाऊन बसतो, आणि वाजवून झाल्यावर आपण फडकं फिरवतो ते फ्रेटबोर्डवर. गंजाचा एक सूक्ष्म खड्डा हीच तडा जायची पहिली जागा असते. कोटिंगवाल्या तारेबद्दल म्हणाल तर घामापासून तिला नक्की संरक्षण मिळतं आणि तुमच्या हवेत ती घ्यावी असंच मी म्हणेन, पण सॅडलच्या धारेपुढे त्या कोटिंगचा काही उपयोग नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सॅडल, मग कोटिंग. रोज वाजवून झालं की जुन्या मऊ सुती कापडाने तारा वरून आणि खालून पुसा, सॅडलवर कोरडा टूथब्रश फिरवा, आणि पावसाळ्यात गिटार बाहेर टांगून न ठेवता केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

नवी तार लावताना सॅडलच्या माथ्यावर 6बी पेन्सिलीचं शिसं चांगलं घासा. ग्राफाइटवर तार सरकते, अडकत नाही, आणि ट्रेमोलोनंतर सूरही नीट परत येतो. तार बसावी म्हणून काही जण सॅडलपुढे ती अंगठ्याने जोरात दाबतात. हलक्या बोटाने दाबा, घडी पडेल इतकं नको.

हाताबद्दल मी जपून बोलतो, कारण प्रत्येकाचा आवाज त्याच्या हातातून येतो आणि तो बदला असं सांगायचा मला अधिकार नाही. तरी तुम्ही जाड पिकने अगदी सॅडलजवळ जोरात मारत असाल तर आठवडाभर पिक दोन बोटं पुढे, पिकअपच्या वर चालवून बघा. बँडमध्ये सगळ्यांची तयारी असेल तर अर्धा स्वर खाली लावणं हाही पर्याय आहे, त्याने प्रत्येक तारेवरचा ताण 11 टक्क्यांनी उतरतो. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन 13 च्या जाड पहिल्या तारेने वाजवायचा तो अर्धा स्वर खाली लावूनच. पण तुमच्या सॅडलवर धार असेल तर हे दोन्ही उपाय तिला फक्त लपवतील.

सॅडल बदलायची वेळ आली तर मागवण्याआधी मोजा. एका सॅडलची रुंदी साधारण 10.5, 10.8 किंवा 11.3 मिलीमीटर असते, आणि चुकीची आणली तर सहाही एका ओळीत बसत नाहीत किंवा मध्ये फटी राहतात. पोलादी सॅडलने तुमचा आजचा चमकदार आवाज तसाच राहील. ग्राफ टेक कंपनीची टेफ्लॉन-मिश्रित सॅडल्स मिळतात ती तारेला सगळ्यात मऊ वागवतात, पण आवाज किंचित गोल होतो. हा चवीचा प्रश्न आहे. तुम्ही एवढा ट्रेमोलो वापरता तर मी ती निदान पहिल्या दोन तारांना लावून बघितली असती.

हे सगळं एकदम करू नका. एका दिवशी कापूस आणि घासणं, नवी तार, शिसं. त्या सेटच्या पाकिटावर तारीख लिहा आणि नेहमीसारखं वाजवा, दांडा आणि बेंडांसकट. तीन-चार आठवडे तार टिकली तर जागा सापडली. पुन्हा तुटली तर तुकडा परत ब्लॉकमधून घालून टोक कुठे येतं ते बघा. माथ्याऐवजी आता ते खाचेत किंवा पट्टीपाशी येत असेल तर पहिली धार गेली आणि तिच्या मागे लपलेली दुसरी समोर आली, दोरा आता तिथे फिरवायचा. टोक गोळीजवळच्या पिळात येत असेल तर ब्लॉकच्या भोकाचा फोटो पाठवा, मागून, टॉर्च तिरपी मारून. तिथे काय दिसतं त्यावरून पुढचं सांगतो.